परदेशी नोकरीचं पत्र दोघांनी वाचावं

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही वर्षं जर्मनीत नोकरी करून आता पुण्यात कर्वेनगरात स्थायिक झाले आहे. ओळखीतली मुलं-मुली परदेशातली ऑफर आली की सल्ल्याला येतात. बहुतेकांची नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते. मी मात्र दोन गोष्टी विचारते: तिथे राहण्याचा हक्क कोणाच्या हातात आहे? आणि जोडीदाराला काम करता येईल का?

अमेरिकेत पगार सर्वांत जास्त, यात वाद नाही. पण एच-१बी व्हिसासाठी अर्ज कंपनी करते, त्यामुळे तुमचं तिथलं वास्तव्यही नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली, तर जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी कंपनी गाठायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर येईपर्यंत कमावता येत नाही. ही मुभासुद्धा मिळाली २०१५ साली.

जर्मनीचं गणित वेगळं. एकट्या माणसाला वर्षाला ६०,००० युरो पगार असेल, तर कर आणि विमा वजा जाता हातात साधारण ३८,००० येतात. आकडा पाहून मुलं हिरमुसतात. मग मी त्यांना पगारपत्रक ओळीओळीनं वाचायला लावते: हा आरोग्यविमा, हे निवृत्तिवेतन, हा बेकारीविमा. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा वास्तव्याचा परवाना. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला तिथे पोचल्यापासून नोकरी करता येते. स्वतः कार्डधारकाला बी-१ पातळीचं जर्मन येत असेल, तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. ए-१वर थांबलात, तर २७ महिन्यांनी. म्हणजे भाषेचा अभ्यास सहा महिने वाचवतो. बर्लिनच्या ऑफिसात इंग्रजी चालून जातं, पण भाडेकरार आणि सरकारी पत्रं जर्मनमध्येच येतात. म्हणून क्लास इथेच, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात, निघण्यापूर्वी लावा.

जोडीदाराचा मुद्दा मी एवढा लावून धरते, त्याला कारण आहे. विधवांना शिकून स्वतःच्या पायांवर उभं राहता यावं, म्हणून महर्षी कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला आणि पुढे तो इथे, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याला, आणला. त्याच संस्थेनं १९९१ मध्ये मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. चार वर्षं खपून इंजिनिअर झालेली मुलगी लग्नानंतर निव्वळ व्हिसाच्या अटीमुळे घरी बसते, तेव्हा तिची उमेदीची वर्षं वाया जातात. आपल्या क्षेत्रात तंत्रज्ञान झपाट्यानं बदलतं. मोठ्या खंडानंतर पुन्हा उभं राहणं फार जड जातं.

अमेरिकेला जाऊ नका, असं मी कोणाला सांगत नाही. तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि काही वर्षं राहून परतायचं पक्कं असेल तर तो निर्णय उत्तमच. पण ऑफरवर सही करण्याआधी दोघांनी एकत्र बसून व्हिसाच्या अटी वाचा. जिथे दोघांनाही काम करता येईल आणि नोकरी गेली तरी घर मोडावं लागणार नाही, तो देश थोडा कमी पगार देत असला तरी तोच निवडा.