जुळलेली रेषा

जिवंत सृष्टीचें कोडें गणितानें सुटेल काय, असा प्रश्न विज्ञानाच्या तासाला वारंवार निघतो. आज साथीच्या रोगाची प्रतिकृति संगणकावर उभी करितात. 2020 सालीं कोरोनाच्या दिवसांत तिचे आलेख तुमच्या पालकांनीं वर्तमानपत्रांत पाहिले असतील. परंतु ह्या विद्येच्या मुळाशीं आपल्या मुंबईचें दुःख आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

1896 सालीं मुंबईंत मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला व पुढें तो वर्षानुवर्षें येत राहिला. 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 ह्या काळांतील दर आठवड्याच्या मृत्यूंचे आंकडे कर्मॅक व मॅकेंड्रिक ह्या शास्त्रज्ञांनीं 1927 सालीं आपल्या समीकरणांशीं ताडून पाहिले. मॅकेंड्रिक ह्यांनीं हिंदुस्थानांत वैद्यकीय सेवा केली होती. कर्मॅक ह्यांची दृष्टि 1924 सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत गेली होती. त्यांची मांडणी साधी होती: कांहीं माणसें रोग होण्याजोगीं, कांहीं रोगी, आणि कांहीं बरीं झालेलीं वा मृत. पहिल्या वर्गाची संख्या ठराविक मर्यादेखालीं उतरली, म्हणजे सर्वांस गांठण्यापूर्वींच साथ ओसरते. आठवड्यास सुमारें 890 मृत्यूंच्या शिखरावर चढून उतरणारी त्यांची रेषा प्रत्यक्ष आंकड्यांशीं सुरेख जुळली.

ही रेषा मी फळ्यावर काढितों, तेव्हां मुलें प्रसन्न होतात. मग मी विचारतों, "ह्यांत उंदीर कोठें आहेत?" वर्ग स्तब्ध होतो. प्लेग मूळचा उंदरांचा. पिसवा तो माणसांपर्यंत आणितात, आणि पिसवांचें बळ ऋतूप्रमाणें कमीजास्त होतें. 2012 सालीं निकोलस बाकाएर ह्या गणितज्ञानें ऋतुमान जमेस धरून नवी प्रतिकृति मांडिली व दाखविलें कीं, 1906 ची साथ माणसें कमी पडल्यामुळें नव्हे, तर ऋतु पालटल्यामुळें ओसरली. रेषा जुळली होती, कारण जुळलें नव्हतें.

आपल्या देवळ्याचा शेतकरी कांद्यावरील करपा पाहतो, तेव्हां पानाबरोबर आभाळही पाहतो. संगणकास मात्र आभाळ आपणच सांगावें लागतें. जें सांगितलें नाहीं, तें तो मोजीत नाहीं. कारण चुकलें कीं उपायही चुकतो, आणि त्या 890 मधील प्रत्येक आंकड्यामागें एक माणूस होतें, एक घर होतें. म्हणून, मुलांनो, उत्तर जुळलें एवढ्यावर संतोष मानूं नका. काय मोजावयाचें राहिलें, हेंही विचारा.