मुलामा

खामगावास आमच्या भागात रजतनगरी म्हणतात, आणि त्या पेठेच्या शेजारी वाढलेल्या मनुष्यास चकाकीविषयी आपणांस काही कळते असा अभिमान असावयाचाच. घासल्याने वस्तू उजळते व अधिक घासल्याने अधिक उजळते, अशी आमची लहानपणापासून समजूत होती. ती दूर करण्याचे काम आमच्या तीर्थरूपांच्या मोटारीने केले.

गाडी गर्द निळ्या रंगाची, 2011 साली घेतलेली. तीर्थरूप रोज प्रातःकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने ती कोरडीच पुसत, आणि रविवारी विंधन विहिरीच्या पाण्याने धूत. आमचे घर शेगाव तालुक्यात, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तेथले पाणी उन्हात सुकले की मागे क्षारांचे पांढरे ठिपके ठेवून जाते. तीर्थरूप ते ठिपके पुन्हा फडक्याने घासून काढीत. इतक्या मायेने पुसलेली गाडी आम्ही दुसरी पाहिली नाही. तीर्थरूपांच्या पश्चात धाकट्या बंधूंनी पुण्याहून ती विकण्याची गोष्ट काढली, तेव्हा गिऱ्हाईकाने तिला उन्हात उभी केली आणि तो हसला. साऱ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे! मातोश्री ओसरीवरच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण सौदा तेथेच मोडला.

सर्व गाडी नव्याने रंगवावी, असा बंधूंचा सल्ला पडला. परंतु रंगविलेली गाडी पाहिली की घेणाऱ्यास अपघाताचा संशय येतो. शिवाय कारखान्यात नुसता सांगाडा असताना रंग सुमारे 140 अंशांवर भाजला जातो, तेवढी आच आसने, तारा व रबर बसविलेल्या गाडीस सोसवत नाही. मूळ रंग एकदा गेला म्हणजे गेला. म्हणून आम्ही बोथ्याचा घाट चढून बुलढाण्यास एका तरुण कारागिराकडे गेलो. या विद्येस तो ‘पेंट करेक्शन’ म्हणतो.

त्याने प्रथम गाडी भरपूर पाण्याने भिजवून धुतली, मग चिकणमातीसारख्या एका गोळ्याने रंगात रुतलेले कण टिपून घेतले, आणि अंधाऱ्या खोलीत दिवा धरला. वर्तुळे दिसताच आमच्या मनात आले, ही तीर्थरूपांच्या हाताची वळणे! ती पुसून टाकण्यास आम्ही कोण? आमचा गळा दाटून आला होता. कारागिराने दिवा हातभर सरकविला. वर्तुळेही दिव्याबरोबर सरकली. चरे मुळी गोल नव्हतेच. ते वाटेल तसे आडवेतिडवे असतात, त्यांतील दिव्याभोवती आडवे पडलेले तेवढे चमकतात आणि डोळ्यांस वर्तुळाचा भास होतो. आमच्या दाटलेल्या गळ्याची अशी फजिती झाली.

मग त्याने सांगितले ते आम्हांस चांदीच्या पेठेमुळे लवकर समजले. पत्र्यावर अस्तर, अस्तरावर रंग, आणि रंगावर पारदर्शक लुकणाचा थर. हा वरचा थर 40-50 मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चरा बुजविता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो, तेव्हा तो नाहीसा होतो. भरीव चांदीचे ताट पिढ्यान्‌पिढ्या घासावे. मुलाम्याच्या भांड्यास तसे केले तर खालचे तांबे वर येते. जुन्या अँबॅसडर गाड्यांवर एकच जाड रंग असे, फडक्यास तो लागे आणि गाडी चकाके. ते दिवस गेले, पण रगडण्याची सवय गॅरेजांतून गेली नाही. आम्हीच एका दिवाळीस तीर्थरूपांना नकळत एके ठिकाणी ‘रबिंग’ करवून आणले होते. जाड लोकरी चकतीने व खरखरीत मलमाने त्यांनी दोन तासांत गाडी आरशासारखी केली. चऱ्यांत मेण भरले होते, ते दोन पावसांत वाहून गेले.

त्या दिवाळीचा हिशेब आता मापक यंत्राने मांडला. छतावर 121 मायक्रॉन, दारांवर 114, बॉनेटवर 88. हे यंत्र सर्व थरांची मिळून जाडी सांगते, लुकण किती उरले ते नाही; पण कारागिरास तेवढा इशारा पुरला. त्याने आधी एका कोपऱ्यावर सर्वांत मऊ चकती चालवून पाहिली, मग दोन दिवस दारे, छत व मागचा भाग उजळला. बॉनेटापाशी तो थांबला.

“काका, इथं आता मशीन लावाची नाही. लावली तं रंगच उघडा पडन.”

लुकण गेले की खालच्या रंगाचे वैशाखातल्या उन्हापासून रक्षण होत नाही, आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पैसे घेऊन काम करणारा मनुष्य काम नाकारतो, हे दृश्य आम्ही फार वर्षांनी पाहिले. नखास लागणारे चरे त्याने कोठेच काढले नाहीत. निघताना त्याने दोन बादल्या, मऊ कापड व साबणाची बाटली दिली, आणि कोरडे फडके घरात ठेवू नये असे बजावले.

गाडी दारी उभी राहिली. मातोश्रींनी तिच्याभोवती एक फेरी घातली, उजळलेल्या दारात आपला पदर नीट केला आणि बॉनेटावरच्या जाळ्यापाशी येऊन विचारले, “एवढेच का राहिले?” दिवाळीची हकीकत आम्ही तेव्हा त्यांना प्रथमच सांगितली. बंधूंना आम्ही कळविले की गाडी तूर्त विकावयाची नाही.

धोतराचे फडके आम्ही माळ्यावर टाकले होते. परवा सकाळी ते धुऊन दोरीवर वाळत घातलेले दिसले.