रविवारचा मोगली आणि आमचं घर

अमेरिकेत शनिवारची सकाळ म्हणजे कार्टून. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिथल्या तिन्ही बड्या वाहिन्या १९६० च्या दशकापासून ती वेळ मुलांसाठी राखून ठेवू लागल्या. आई-बाप झोपलेले, पोरं टीव्हीसमोर, मांडीवर दुधातल्या गोड सीरियलचा वाडगा, आणि मधल्या जाहिरातीही त्याच सीरियलच्या नाहीतर खेळण्यांच्या. एनबीसीने १९९२ मध्ये कार्टून काढून टाकली, इतरांनी हळूहळू हात आखडता घेतला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये सीडब्ल्यू वाहिनीवरचा शेवटचा असा कार्यक्रम बंद पडला. तिकडची आमच्या वयाची माणसं त्यासाठी अजून हळहळतात. ते वाचताना मला मात्र एकच अडतं. शनिवारी? शनिवारी तर सकाळची शाळा!

पांढरा गणवेश, पांढरं पॉलिश फासलेले कॅनव्हासचे बूट, मैदानावर कवायत. शनिवार असा कवायतीतच जायचा. आमचा वार होता रविवार. आणि त्या रविवारी घरात झोपलेलं कुणीच नसायचं.

भंडाऱ्यातलं आमचं घर एकत्र. आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, आम्ही चुलत-सख्खी मिळून पोरांची फौज आणि टीव्ही एक. १९८४ च्या आसपास देशभर धडाधड प्रक्षेपक उभे राहिले, त्या लाटेत आमच्याकडेही संच आला. लाकडी पेटी, दोन्ही बाजूंनी सरकत येणारं शटर, वर क्रोशाचं आवरण आणि त्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. संच कृष्णधवल. काकांनी त्यावर रंगीत प्लास्टिकची काच लावली होती, वर निळी, मध्ये केशरी, खाली हिरवी. आकाश निळं आणि गवत हिरवं दिसावं ही त्यामागची कल्पना. बातम्या वाचणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, पण ‘आपल्याकडे कलर आहे’ असं शाळेत सांगायला तेवढं पुरे होतं.

रविवारी टीव्हीसमोर बसायचा परवाना न्हाणीघरातून मिळायचा. शिकेकाईने डोकं धुतलेलं नसेल तर बैठकीत पाऊल नाही, हा आजीचा कायदा. त्यामुळे पहाटेपासून बंब पेटलेला, पोरींचे ओले केस पंच्यात, आणि शेवटचा नंबर लागलेला भाऊ आतून ओरडतोय, ‘सुरू झालं का?’ पोह्यांवर तर्री ओतून बशा बाहेर यायच्या. आजी परात घेऊन तांदूळ निवडायला बसायची, आजोबा खुर्चीत, बाकी सगळे सतरंजीवर. ही बैठक ‘रामायणा’ने घालून दिली होती. ते १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी लागायचं, तेव्हा शेजारपाजारही आमच्या बैठकीत असायचा. मागोमाग ‘महाभारत’ आलं आणि तेही संपलं, पण बसायच्या जागा ठरून गेल्या होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला त्याच जागांवर बसून सगळं घर कार्टून बघू लागलं. पोरांसाठी वेगळं काही लावायची सोय नव्हतीच. आजीला आवडो न आवडो, मोगली तिलाही बघावा लागे.

मोगलीची मालिका मुळात जपानची. निप्पॉन ॲनिमेशनने केलेली, बावन्न भागांची, तिकडे १९८९-९० मध्ये दाखवलेली. आपल्याकडे ती हिंदीत आली तेव्हा तिला नवं शीर्षकगीत मिळालं. शब्द गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या तरुणाचं. ‘माचिस’ यायचा होता. गाण्यात चड्डीचा उल्लेख आहे म्हणून आजोबांच्या कपाळावर पहिल्या रविवारी आठी पडली. पुढे तेच दाढी करताना ती चाल गुणगुणू लागले.

पण आमच्या घरात खरा मान होता शेरखानाला, कारण त्याचा आवाज नाना पाटेकरांचा. ‘प्रहार’ आणि ‘तिरंगा’ बघून झालेले काका त्या वाघाच्या प्रत्येक वाक्यावर मांडी थोपटायचे. आमच्यातल्या लहान बहिणीला वाघाचीच बाजू पटायची. तिचं म्हणणं, एवढ्या चांगल्या आवाजाचा माणूस वाईट असेल कसा. मोगलीकडे बूमरँग होतं. ते आल्यावर आठवडाभरात गल्लीतल्या प्रत्येक पोराकडे बूमरँग झालं, कुणाचं पुठ्ठ्याचं, कुणाचं फळीचं कापलेलं. दादाचं लाकडी होतं, सुताराकडून रंधा मारून आणलेलं. ते मारलं की एकदाच जायचं, परत येण्याचं नाव नाही. समोरच्यांच्या खिडकीपर्यंत मात्र नेमकं पोचलं.

आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली तेव्हा आम्हाला थाप वाटली होती. हा पोरगा आपल्याच नदीवरचा, ते म्हणाले. रुडयार्ड किपलिंगने ‘जंगल बुक’ लिहिलं ते सिवनीच्या डोंगररानाचं, वैनगंगेच्या काठचं. ती नदी सिवनी-बालाघाटकडून खाली उतरून आमच्या भंडाऱ्यापाशी येते. आणि किपलिंग जन्मला १८६५ साली मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने लिहिलेलं आमच्या शेजारचं रान जपान्यांनी चितारलं, हिंदीत बोललं आणि वैनगंगेकाठच्या बैठकीत परत आलं. दादाने शाळेच्या नकाशावर नदी वरपर्यंत गिरवून पाहिली. मग पुढच्या वेळी पुलावरून जाताना आम्ही सगळे एसटीच्या एकाच खिडकीशी.

त्याच काळात डिस्नेची मंडळी आली आणि गोंधळ उडाला. ‘टेलस्पिन’मध्येही बल्लू अस्वल, पण हा विमान चालवणारा. किट नावाचं अस्वलाचं पोर फळीवर उभं राहून ढगांवरून घसरायचं. आणि शेरखान? तो चक्क सूट-टाय घालून, मोठ्या कंपनीचा मालक होऊन बसलेला. आजीने निवडता निवडता मान वर केली आणि विचारलं, ‘हा जंगलातून कधी सुटला?’ तिच्या हिशेबी सगळी गोष्ट एकच होती. वाघ शहरात गेला, शिकला, कारखानदार झाला. आम्ही समजावून थकलो. आता वाटतं, डिस्नेवाल्यांच्याही डोक्यात फार वेगळं काही नसावं.

‘डकटेल्स’ काकांचं. ते बँकेत रोखपाल. स्क्रूज बदक सोन्याच्या नाण्यांच्या ढिगात सूर मारून पोहायचं, तेव्हा काका तोंड वाकडं करून म्हणत, ‘संध्याकाळी मोजायला याला बसवा.’

हिंदी आम्ही शाळेत शिकलो असं प्रगतिपुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात ती या बदकांनी आणि अस्वलांनी शिकवली. त्याआधीचा पहिला धडा ‘एक अनेक और एकता’चा. दोन कार्यक्रमांच्या मधे कधीही लागणारा तो छोटा चित्रपट फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये केलेला. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडून देतात. आमच्या कुणालाही तेव्हा माहीत नव्हतं की तो विजया मुळे यांनी केलाय, संगीत वसंत देसाईंचं आहे आणि गाणारी बालिका म्हणजे दाभोळची साधना सरगम. माहीत असतं तर आजोबांनी दर खेपेला उठून नमस्कार केला असता. मराठी नाव दिसलं की त्यांना तेवढं पुरायचं.

लाईट जायची ती नेमकी शेरखान झेप घेताना. असली तर चित्रात मुंग्या. मग एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, एकजण खिडकीत, आणि ‘आलं’, ‘गेलं’, ‘तिथंच धर’ अशी निरोपांची साखळी. वर उभा असलेल्याला त्या दिवशी काहीच बघायला मिळत नसे. पाळ्या लावलेल्या होत्या, तरी अँटेना धरायला जास्त वेळा मीच असायचो, हा माझा दावा. दादाला तो मान्य नाही.

पुढे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. केबलवाल्याने गल्लीत तार ओढली तशी आमच्याकडेही पोचली, आणि कार्टून रोजचं झालं. रंगीत संच आला. आजी तांदूळ निवडायला स्वयंपाकघरात बसू लागली. बैठकीत कार्टून लागलेलं असे आणि समोर एखादं पोर लोळत असे, एवढंच. अमेरिकेतल्या शनिवारासारखं.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायणा’बरोबर ‘जंगल बुक’ही पुन्हा दाखवलं, तेव्हा पुणे, नागपूर, बंगळुरू असे पांगलेले आम्ही भावंडं आपापल्या घरी ते लावून बसलो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. आवरणाचा क्रोशा पिवळा होता की पांढरा. पुलावर खिडकी कुणाला मिळाली. अँटेना कोण धरायचं. दादाने शेवटी विचारलं, ते माझं लाकडी बूमरँग कुठे गेलं कुणाला आठवतंय का?

काकू ग्रुपवर सहसा सुप्रभाताच्या फुलांपलीकडे जात नाहीत. त्या दिवशी त्यांचा लांबलचक मजकूर आला. ‘तुम्ही कुठे बघत होता रे, तुमची भांडणं चालायची. मोगली मी बघायचे. सगळ्यांची आंघोळ उरकून, पोहे वाढून, दारात उभी राहून बघायचे. माझी एक जागा नव्हती त्या सतरंजीवर. सगळे भाग विचारा मला. आणि ते बूमरँग मीच बंबात घातलं. समोरच्यांची काच मी भरून दिली होती.’

दादाने त्यावर हात जोडल्याची खूण टाकली. काकूंनी भाग एकपासून सांगायला सुरुवात केली.