माल परदेशचा, जबाबदारी कोणाची?

पूर्वी गृहस्थाच्या घरात ज्या वस्तू येत, त्यांतील बहुतेकांचा कर्ता घरच्या मंडळींस नावानिशी ठाऊक असे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडून कढी कळकली, तर कल्हईवाला पुढच्या खेपेस दारात आला की घरातील वडील बायका त्यास चार शब्द ऐकवीत, आणि तोही ते निमूटपणे ऐकून घेऊन पातेले पुन्हा भट्टीवर धरी. पाळण्याची कडी निसटली, तर सुतार दोन आळ्या टाकून राहत असे. ह्या व्यवहारात कायद्याचे कलम कोठेच नव्हते. होती ती ओळख, आणि ओळखीबरोबर येणारी लाज. त्या काळी सर्व वस्तू निर्दोष होत्या, असे मात्र आमचे म्हणणे नाही. सदोष वस्तू तेव्हाही घरात येत. परंतु दोष कोणाच्या पदरात घालावा, हे शोधीत हिंडावे लागत नसे, इतकेच.

आज कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्यावरून सहज दृष्टी फिरविली, तर दिव्यांच्या माळा, चार्जर, किटल्या, मुलांची खेळणी अशा कितीतरी वस्तू समुद्र ओलांडून आलेल्या दिसतात. त्या स्वस्त असतात, सुबक असतात, आणि त्यांच्यावाचून अडते हेही खरे. परंतु त्यांतील एखादी वस्तू उलटली, तर बोलावयाचे कोणाशी? हा प्रश्न आमच्या घरी एकदा अगदी निकडीचा होऊन उभा राहिला.

आमच्या धाकट्या बंधूंची नात दोन वर्षांची असताना तिच्या वाढदिवसास कोणीतरी एक गाणारा ससा भेट दिला. दोन दिवसांनी तो तिच्या हातून पडला आणि त्याच्या पोटाचे झाकण उघडले. त्यास स्क्रू नव्हता. नखाने निघेल अशी एक खिट्टी तेवढी होती. आतून गुंडीएवढे चपटे सेल बाहेर घरंगळले. जागा तिघांची होती. हाती दोनच लागले. असा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही तेथील मांस जाळू लागतो, हे सूनबाईंनी वाचलेले होते. त्यांनी उलटी करविण्याच्या वगैरे भानगडीत न पडता मुलीस उचलले आणि तडक रुग्णालय गाठले. क्ष-किरण चित्रात काही निघाले नाही, आणि इकडे वहिनींस तो सेल सतरंजीच्या घडीत सापडला. परंतु त्या मधल्या तासाभरात घरातील कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो ससा घेऊन दुकानी गेलो. खोक्यावर ना कारखान्याचे नाव, ना आयात करणाऱ्याचा पत्ता. दुकानदार सौम्यपणे म्हणाला, "काका, माल बाहेरचा आहे. आम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. त्यात काय निघेल ते आम्ही कसे सांगणार? हवे तर दुसरे खेळणे घेऊन जा." घाऊक व्यापाऱ्याने आणखी पुढच्याकडे बोट दाखविले, आणि पुढचा कोण, हे सांगण्याचे टाळले. आम्ही तो ससा दुकानदारास परत केला नाही. परत घेतलेले खेळणे पुन्हा फळीवर चढते, आणि तेथून दुसऱ्या कोणाच्या घरी जाते.

असे काही घडले की लोक सहसा ज्या देशातून माल आला त्या देशासच दूषण देऊन मोकळे होतात. हा न्याय फार सोपा आहे, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. २००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात मॅटेल ह्या अमेरिकन कंपनीने चीनमध्ये बनविलेली सुमारे १५ लाख खेळणी रंगातील शिशाच्या संशयावरून परत मागविली. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा वैद्यकशास्त्रास ठाऊक नाही. त्याच महिन्यात कंपनीने दीड कोटींहून अधिक खेळणी आणखी परत मागविली. त्यांतील बारीक लोहचुंबक सुटून मुलांच्या पोटात जाण्याचे भय होते. जगभर चिनी मालाची निंदा झाली. शिसेयुक्त रंगाची खेळणी ज्या कारखान्यातून आली होती, त्याच्या मालकाने त्याच ऑगस्टात आपले जीवन संपविले. पुढे सप्टेंबरात मात्र मॅटेलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगमध्ये जाहीर क्षमा मागितली. परत मागविलेल्या खेळण्यांपैकी बहुतांश खेळण्यांचा दोष कारखान्याचा नसून कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातील होता, अशी कबुली त्याने दिली. २००९ साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने शिशाच्या प्रकरणी २३ लाख डॉलरांचा दंड बसविला, तोही मॅटेल आणि तिची फिशर-प्राइस ह्यांच्यावर. कारण तो माल देशात आणून विकणारे तेच होते.

ह्या प्रकरणातून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. चूक कोठे झाली आणि जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. चूक रंगाच्या डब्यात असेल वा आराखड्याच्या कागदावर; तिचा माग काढणे हे तज्ज्ञांचे काम. जबाबदारी मात्र ज्याने तो माल देशाच्या उंबरठ्याच्या आत आणला आणि त्यावर नफा घेतला, त्याच्यापासून सुरू झाली पाहिजे. आयात करणारा जर "मी केवळ आणून दिले" असे म्हणून सुटू लागला, तर समुद्रापलीकडचा कर्ता कोणत्याच गृहस्थाच्या हाती लागावयाचा नाही.

बंदरावरच माल अडविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांनी कारखान्यांतील मजुरांचे जबडे सडत, म्हणून १९०६ साली बर्न येथे त्यांच्याविरुद्ध राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला, आणि १९१३ साली हिंदुस्थानातही त्या काड्या बनविण्यास, विकण्यास व आयात करण्यास कायद्याने मनाई झाली. खेळण्यांच्या बाबतीत मात्र आपल्यास बराच उशीर लागला. जानेवारी २००९ मध्ये सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि मार्चमध्येच सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असलेल्या खेळण्यांस वाट करून दिली. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ साली, भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली व तिच्या आसपासच्या बाजारांतून खेळण्यांचे १२१ नमुने उचलून तपासले. आयात केलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के नमुने कसोटीस उतरले नाहीत. प्रमाणपत्राचा कागद आणि फळीवरचे खेळणे ह्यांची गाठ पडतेच असे नाही, हे ह्यावरून कळून आले.

२०२० साली निघालेल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या हुकुमाने चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. परदेशी कारखान्यासही भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो घेताना भारतात राहणारा एक प्रतिनिधी नेमून द्यावा लागतो. ही दुसरी अट आम्हांस विशेष मोलाची वाटते. दूरच्या कर्त्याच्या वतीने उत्तर देणारे एक माणूस त्यामुळे आपल्या हद्दीत उभे राहते. कल्हईवाल्याची ती ओळख कायद्याने पुन्हा निर्माण केली, असेच म्हणावयाचे.

ह्याच दिशेचे दुसरे पाऊल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. सदोष वस्तूने इजा झाल्यास भरपाई कोणाकडे मागावी, ह्याचे स्वतंत्र प्रकरणच त्यात घातले आहे. तेथे "विक्रेता" ह्या शब्दाच्या व्याख्येत माल आयात करणाराही येतो. वस्तूचा कर्ता कोण हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, अथवा तो आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विक्रेत्यास भरपाईस जबाबदार धरता येते. म्हणजे आमच्या दुकानदाराचे "माल बाहेरचा आहे" हे वाक्य त्यास वाचविणारे नसून त्याच्याच गळ्यात जबाबदारी अडकविणारे आहे! आमच्या घरी सुदैवाने इजा झाली नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. तथापि धोकादायक माल बाजारातून परत मागविण्याचा अधिकारही ह्याच कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास दिला आहे. तो वापरला जावयाचा तर कोणीतरी आधी तक्रार केली पाहिजे.

येथे गृहस्थाचे कर्तव्य येते. घरच्या स्वयंपाकघरात बसून रंगातले शिसे ओळखता येणार नाही, आणि तशी अपेक्षा गृहिणींकडून करणे हा अन्यायच होय. "घेताना पाहून घ्यावयाचे होते" असे म्हणून सारा भार घेणाऱ्यावर टाकणारे लोक हे विसरतात. परंतु नाव मागणे आपल्या हाती आहे. आयात मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता छापलेला असावा, असा नियम आहे. तो नसेल तर ती वस्तू घेऊ नये. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ह्या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा, हे मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ह्या अॅपवर घरातील कोणताही मुलगा दोन मिनिटांत पाहून देईल. ज्या खेळण्यात चपटे सेल आहेत, त्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे की नाही, हे भेटीचे खोके उघडताच पाहावे. पावती घ्यावी व जपून ठेवावी. आणि काही विपरीत आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर कळवावे.

ह्यांत एक गोष्ट आम्ही मुद्दाम घालतो. मुलास भेट देणाराही त्या वस्तूच्या साखळीतील एक दुवा असतो. आपण वाढदिवसास, मुंजीस, बारशास जातो, तेव्हा कमी पैशांत मोठे दिसणारे खोके निवडण्याचा मोह सर्वांसच होतो. त्याऐवजी लहानसे, पण ज्यावर कोणाचे तरी नाव आहे, असे खेळणे न्यावे.

कोणताही व्यापारी दूरदेशीच्या मालाबरोबर त्याची जोखीम आपण होऊन खरीदीत नाही. ती त्याला घ्यावयास लावावी लागते. कायद्याने तशी सोय केली आहे. परंतु कायदा नावावर चालतो, आणि बेनामी मालास आपण जोवर दारात थारा देऊ, तोवर त्या मालाची सारी जोखीम घरातील सर्वांत धाकट्या माणसावर पडत राहील.