आधी आत, मग बाहेर

गाडी पूर्ण वळवली की पुढच्या उजव्या चाकातून टकटक आवाज यायचा. सरळ रस्त्यावर काही नाही. वळण जितकं तीव्र, तितका आवाज मोठा. आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या पुढे. अण्णांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेल्यापासून दर सोमवारी आणि गुरुवारी बारामतीला फिजिओथेरपीला जावं लागायचं, आणि ही तेरा वर्षांची गाडी त्याच कामाला होती. शनिवारी चाकाखाली वाकून बघितलं तर एक्सेलवरचं रबरी बूट फाटलेलं. आतलं ग्रीस बाहेर उडून गेलेलं, त्याच्या जागी उसाच्या रानातली काळी माती.

म्हणजे सीव्ही जॉइंट गेला होता. मी मेकॅनिकल करून आयटीत गेलेल्या पिढीतला. हा जॉइंट मला कागदावर चांगला माहीत होता.

ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला जो शाफ्ट असतो, त्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो. हा साधा जॉइंट कोनात फिरायला लागला की एकसारख्या वेगानं फिरत नाही. एका टोकाला मिनिटाला शंभर फेरे दिले आणि कोन तीस अंशांचा असला, तर दुसऱ्या टोकाचा वेग साधारण ८७ ते ११५ असा खालीवर होत राहतो, दर फेऱ्यात दोनदा. म्हणून बांधावर वळताना रोटाव्हेटर चालूच ठेवून उचलला की शाफ्ट खडखडतो. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीत हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण त्यांची मागची चाकं गाडी ढकलायची आणि पुढची फक्त वळायची. जंक्शन नावाच्या गावावरून आत गेलं की वालचंदनगर लागतं. हे गाव ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, आणि पद्मिनी त्याच कंपनीची. पुढे १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी घरोघरी पोचली. ज्या चाकानं वळायचं, त्यानंच ओढायचंही. हे जमतं ते आल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढलेल्या जॉइंटमुळे. सहा छर्रे, त्यांना धरणारा पिंजरा, आत एक रेस आणि बाहेर वाटी. कोन कितीही बदलो, छर्रे नेहमी त्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हीकडचा वेग सारखा. परीक्षेत याची आकृती मी नीट काढली होती.

तो बाहेर कसा काढायचा, हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं.

बारामतीहून नवा जॉइंट, बूट आणि ग्रीस आणलं. चाक जमिनीवर असतानाच एक्सेलचा मोठा नट सैल केला, मग गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले, हब बाजूला ओढला आणि शाफ्ट बाहेर घेतला. गिअरबॉक्समधून तेल सांडलं तेवढंच. एवढं दुपारपर्यंत झालं. अण्णांच्या शेडमधल्या वाइसमध्ये शाफ्ट आडवा धरला, त्यावर वळ उठू नयेत म्हणून जबड्यात ॲल्युमिनियमचे तुकडे घातले, आणि वाटीच्या काठावर हातोडा मारायला सुरुवात केली. नवा जॉइंट आणलेलाच होता, जुना फुटला तरी चालणार होतं. शाफ्टला धक्का लागून चालणार नव्हतं.

जॉइंट शाफ्टवर दोन गोष्टींनी बसतो. शाफ्टच्या दातांमध्ये त्याच्या आतल्या रेसचे दात अडकतात, ते फिरवण्यासाठी. आणि शाफ्टच्या टोकाच्या खाचेत तारेची एक लहान सर्क्लिप असते, ती निसटू न देण्यासाठी. बाहेरून नीट ठोका बसला की रेसची उतरती कड सर्क्लिपला दाबते, ती खाचेत बुडते आणि जॉइंट सुटतो. ही झाली पुस्तकातली गोष्ट. मी तासभर ठोकलं. गंज सोडवायचा स्प्रे मारला, परत ठोकलं. मोठा हातोडा आणला. जॉइंट केसभरही हलला नाही.

अण्णा शेडच्या दारात खुर्चीवर बसून होते. पस्तीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात फिटरचं काम केलं. गाळपाच्या हंगामात रात्री-अपरात्री त्यांना बोलावणं यायचं. झटक्यानंतर उजव्या हाताची पकड गेली, बोलणं सावकाश झालं, आणि शेडमध्ये येणं त्यांनी बंद केलं होतं. मीही त्यांना काही विचारणं बंद केलं होतं. त्रास नको, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे शब्द शोधताना त्यांची होणारी ओढाताण मला बघवत नव्हती.

ग्राइंडर जोडायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "थांब."

मी थांबलो. पुढचं वाक्य यायला वेळ लागला.

"वाटीला मारतोयस. मार... छर्‍यांना लागतोय. क्लिपला कुठं पोचतोय?"

बरोबर होतं. माझा प्रत्येक ठोका वाटीतून छर्‍यांत, छर्‍यांतून पिंजऱ्यात आणि मग उरलासुरला रेसपर्यंत जात होता. वर मी एकाच बाजूनं मारल्यामुळे रेस तिरकी होऊन दातांवर आवळत होती.

"मग काय करू?" मी विचारलं. किती महिन्यांनी विचारलं, ते मला त्या क्षणीच जाणवलं.

"डिझेल सोड. रात्रभर राहू दे. सकाळी आधी आत मार."

"आत? काढायचाय ना?"

"आधी आत. मग बाहेर."

रात्री अंथरुणावर त्याचा विचार करत होतो. खाचेत गंज आणि वाळलेलं ग्रीस भरलेलं, त्यामुळे सर्क्लिपला बुडायला जागा नाही. आणि मी बाहेरच्या दिशेनं जितकं मारत गेलो, तितकी ती रेसच्या कडेत पाचरीसारखी घट्ट बसत गेली. तिला सोडवायचं तर आधी तिच्यावरचा दाब काढायला हवा.

रविवारी सकाळी जुना नट टोकावर परत बसवला, लाकडाचा ठोकळा ठेवून जॉइंट शाफ्टच्या दिशेनं आत ठोकला. दोन-तीन ठोक्यांनंतर आवाज बदलला. आधी बद्द यायचा, आता टणत्कार आला. गंजाची पकड सुटली होती.

आता मार थेट आतल्या रेसवर द्यायचा होता, पितळेच्या दांड्यानं. रेस कडक पोलादाची असते, तिच्यावर पोलादी पंच मारला तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. पण अडचण वेगळीच होती. रेसची कड दिसावी म्हणून एका हातानं जॉइंट तिरका धरायचा, दुसऱ्यात हातोडा. दांडा धरायला तिसरा हात हवा.

अण्णा खुर्चीवरून उठले. डाव्या हातानं वाइसचा आधार घेतला आणि उजव्या हातात दांडा धरला. बोटं थरथरत होती, पण दांड्याचं टोक बरोबर रेसच्या कडेवर होतं.

पहिला ठोका मी इतका हलका मारला की काहीच झालं नाही.

"भिऊन मारलं की हातोडा सटकतो," ते म्हणाले. "नीट मार."

दुसरा नीट मारला. त्यांनी दांडा खालच्या बाजूला सरकवला. तिसरा. परत वर. चारी बाजूंनी सारखं, रेस तिरकी होऊ नये म्हणून. प्रत्येक ठोक्याला दांडा त्यांच्या मुठीत फिरायचा आणि ते तो परत जागेवर आणायचे, मी तोवर थांबायचो. घाई करणं शक्यच नव्हतं. नवव्या की दहाव्या ठोक्याला जॉइंट सुटला आणि खाली अंथरलेल्या पोत्यावर पडला.

शाफ्टचे दात शाबूत होते. अण्णांनी सर्क्लिप काढायला लावली, तळहातावर घेऊन बघितली. एका बाजूला चपटी झाली होती. खाच ब्रशनं साफ करून मी नवी सर्क्लिप बसवली, ग्रीस भरलं, बूट चढवून क्लॅम्प आवळले. संध्याकाळी गिअरबॉक्सचं तेल भरून गाडी खाली घेतली. अण्णा तोवर हात धुऊन झोपले होते. उजवा हात दुखत होता म्हणे, आईकडून कळलं.

सोमवारी बारामतीत दवाखान्याच्या आवारात गाडी पूर्ण वळवावी लागते. मी खिडकी खाली केली. त्यांनीही त्यांच्या बाजूची केली. वळण पूर्ण होईपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

"डाव्या बाजूचं बूट पण बघून ठेव," ते म्हणाले.