‘एक्स्टिंक्ट’विषयी काही टिपणे

* शब्द मुळात आगीचा. लॅटिनमधल्या ‘विझवणे’ या क्रियापदातून आला. आग विझवणारा ‘एक्स्टिंग्विशर’ त्याच घरातला. इंग्रजीत विझलेला ज्वालामुखी, वारस न उरलेली सरदारकी आणि संपलेली प्राणिजात, तिघांनाही हाच शब्द लागतो.

* अख्खी जात कायमची संपू शकते, हे युरोपातल्या विद्वानांना पटायला वेळ लागला. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ कुव्हिए यांनी १७९६ मध्ये मॅमथची हाडे हत्तींच्या हाडांशी ताडून ते मांडले. मॉरिशसचा डोडो तोवर संपून शंभरावर वर्षे झाली होती.

* मरण एकदा, घोषणा कितीतरी नंतर. शेवटचा ज्ञात थायलसीन (टास्मानियन वाघ) १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ती जात संपल्याचे १९८२ मध्ये जाहीर केले. शेवटचा जीव गेला याबद्दल वाजवी शंका उरू नये, ही त्यांची अट.

* चित्ता १९५२ मध्ये ‘नामशेष’ ठरला तो भारतापुरता. आशियाई चित्ता इराणमध्ये थोडक्या संख्येने अजून आहे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले ते नामिबियाचे, म्हणजे आफ्रिकी. तेव्हा ‘नामशेष चित्ता परतला’ हा मथळा दोन्ही टोकांनी चुकतो.

* आपला रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसला नव्हता. मधल्या काळातला एक नमुना होता, पण तो ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनर्ट्झहागन यांनी चोरून खोट्या चिठ्ठीनिशी ठेवलेला. त्या चिठ्ठीवरच्या गावी पक्षी सापडणार कसा? पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती बनवाबनवी बाजूला सारून शोध घेतला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिताजागता दिसला. पुढे तो मेळघाटात आणि तानसातही सापडला.

* निष्प्राण दिसणाऱ्या ज्युलिएटला मेलेली समजून रोमिओने जीव दिला. म्हणून आशा अकाली सोडण्याला पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी ‘रोमिओची चूक’ म्हटले. फिलिपिन्सच्या सेबू बेटावरचे जंगल गेले, तेव्हा तिथला फुलटोच्याही गेला असे धरले गेले. उरलेसुरले रान राखायची निकड संपली. पक्षी १९९२ मध्ये पुन्हा दिसला.

* बातमी लिहिणाऱ्यांना विनंती: ‘नामशेष’ लिहिताना कुठून, तेही लिहा. खात्री नसेल तर ‘बऱ्याच वर्षांत दिसला नाही’ एवढेच पुरे. त्याने निदान शोध तरी चालू राहतो.