बाकीचे स्थिर मानून

ललित लेखात गणित आले की वाचकांच्या कपाळावर आठी उमटते, हे मला ठाऊक आहे. तरीही कलनशास्त्राच्या पुस्तकातील एक शब्दसमूह पदवी घेऊन इतकी वर्षे लोटल्यावरही माझी पाठ सोडीत नाही, आणि तो केवळ गणिताचा आहे असे मला आता वाटत नाही. तो शब्दसमूह म्हणजे ‘बाकीचे स्थिर मानून’.

एकाच गोष्टीवर अवलंबून असलेल्या राशीचे सर्वांत मोठे मूल्य शोधणे हे तसे सोपे काम. चढ संपतो, उतार सुरू होतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये क्षणभर जमीन सपाट होते. ती सपाट जागा शोधली की निम्मे काम झाले. पण राशी अनेक गोष्टींवर अवलंबून असेल तर? अशा वेळी गणित एका वेळी एकच गोष्ट हलवते आणि बाकीच्या स्थिर मानते. या रीतीने काढलेल्या बदलाच्या दराला आंशिक विकलज म्हणतात. असे सगळे दर शून्य भरले म्हणजे जमीन चहूबाजूंनी सपाट आहे, इतके समजते. पण ती शिखरावरची सपाटी आहे काय?

तसे असेलच असे नाही. हिमाचल प्रदेशातील रोहतांगची खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. कुलूकडून चढून लाहौलकडे उतरणाऱ्या वाटसरूला ती आपल्या वाटेवरची सर्वांत उंच जागा वाटते, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु दोन्ही अंगांच्या शिखरांवरून पाहणाऱ्याला तीच जागा डोंगराच्या धारेतील सर्वांत सखल जागा दिसते. घोड्याच्या खोगिराचाही आकार असाच असतो. म्हणून गणितज्ञ अशा जागेला खोगीर-बिंदू म्हणतात.

खिंडीत निदान मान वळवली की शिखरे दिसतात. याहून फसवी अशीही एक जागा असते. दोन संख्या घ्याव्यात, त्यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तीतून दोघींचे वर्ग वजा करावेत. दोन्ही शून्य असता उत्तर शून्य येते. दुसरी स्थिर ठेवून पहिली १ केली तर उत्तर उणे १. पहिली स्थिर ठेवून दुसरी १ केली तरी उणे १. तेव्हा आहे तेच उत्तम, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणेल. पण दोन्ही एकदम १ करून पाहा: चारातून दोन गेले, उत्तर अधिक २!

हा चकवा ओळखण्याची कसोटी लाग्रांजने १७५९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तूरिन येथे प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिली. दोन्ही दिशांच्या स्वतंत्र वक्रतांचा गुणाकार हा मिश्र विकलजाच्या वर्गाहून मोठा असला पाहिजे. मिश्र विकलज म्हणजे एक चल हलल्याने दुसऱ्याच्या परिणामात पडणारा फरक; दोहोंचे परस्परांतले गुंतणे म्हणा ना. आपल्या उदाहरणात वक्रतांचा गुणाकार ४ आणि गुंतण्याचा वर्ग १६. जेथे गुंतणे इतके मोठे, तेथे एकेकट्याची तपासणी काय कामाची?

मी ग्वाल्हेरला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. आमच्या नस्तीत प्रत्येक शाखा आपापल्या बाजूची टिप्पणी लिहिते, आणि तसे लिहिताना दुसरी बाजू आहे तशीच राहणार हे गृहीत धरते. कार्यालय त्याशिवाय चालणारही नाही. परंतु घरेही याच पद्धतीने चालतात, याचा प्रत्यय मला वडील गेल्यानंतरच्या सहा वर्षांत आला.

आई राजापूरच्या पलीकडे आमच्या गावी एकटी राहते. दर दिवाळीला सारे नातलग जमले की तोच विषय निघतो. काका म्हणतात, वहिनींनी ग्वाल्हेरला जावे. ती दोनदा येऊन राहिली. पहिल्या खेपेस जानेवारीच्या धुक्याने तिचे गुडघे धरले. दुसऱ्या खेपेस मे महिन्याच्या लूने तिला खोलीत कोंडून घातले. शेजारणींची हिंदी तिला समजे, पण तिच्या मनातले हिंदीत उतरत नसे. मामा म्हणतात, पोराने गावी यावे. पण गावात केंद्र सरकारचे कार्यालय कोठून असणार? मुलाची शाळा आणि महिन्याचा पगार सोडून मी अंगणातल्या नारळांच्या जिवावर संसार कसा करावा? म्हणजे मला स्थिर मानून आईला हलवले तर तोटा; आईला स्थिर मानून मला हलवले तरी तोटा. सर्वांचे गणित बिनचूक. म्हणून दरवर्षी आहे तेच बरे, असे ठरे, आणि आई आम्हांला फाटकापर्यंत पोहोचवून एकटी मागे फिरे.

यंदा मी पणजीचे नाव काढले. तेथे आमच्या विभागाचे कार्यालय आहे. विनंतीवरून बदली मागितली की ज्येष्ठता तळापासून मोजतात. माझ्यापुरता तो निखळ तोटाच. आईलाही राहते घर बंद करून भाड्याच्या दोन खोल्यांत यावे लागणार. तिच्यापुरता तोही तोटाच. परंतु दोघेही एकदम हललो तर? तीच माती, तोच पाऊस, बाजारात तीच मासळी, आणि कोकण रेल्वेने काही तासांवर गाव.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझी नोकरी मागे पडेल, बाळा.” मी म्हटले, “आणि तुझे घर?” ती म्हणाली, “घराला कुलूप लावता येते.”

अर्ज गेला आहे. तो मंजूर होईल की नाही, याचे उत्तर कलनशास्त्र देत नाही. शिवाय १८८४ सालच्या एका पाठ्यपुस्तकात, तिशीही न गाठलेल्या पेआनोने असे एक उदाहरण दिले आहे की, एका बिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही सरळ रेषेवर चालावे, तर तो बिंदू सर्वांत खालचा भासतो. परंतु एका वक्र वाटेने गेले की जमीन त्याहूनही खाली उतरते. तेव्हा तिरके पाहिले म्हणजे सर्व पाहून झाले, असा दावा मी करणार नाही.

अर्जाच्या नमुन्यात कारणासाठी एकच ओळ होती. तीत मी ‘कौटुंबिक’ एवढेच लिहिले. इकडे आईने मात्र गावी हंड्या-कळशा मोजायला घेतल्या आहेत. कोणत्या न्यायच्या आणि कोणत्या घरीच ठेवायच्या, हे तिचे अजून ठरत नाही.